शुभांगीची पहिली संक्रांत

"बायकांना बदलायचं कसं, ते मला विचारा!" असं जयप्रकाश कुडतरकर दिपेशशेठना छाती पुढे काढून म्हणाले. जो माणूस लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गीझरचं बटण कुठे आहे ते बायकोला विचारतो, त्याने असं बोलू नये. पण बोलून बसले! आणि बोललेलं तोंडात परत घालता येत असतं, तर आज कुडतरकर उरणला गेले नसते.

उरणचं पुढे येईलच. आधी महापे. तिथे एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं बनवणारी एक कंपनी आहे. कुडतरकर तिच्या चेकिंग खात्याचे मॅनेजर. जुनं मोल्डिंग मशीन दिवसभर धापा टाकत झाकणं पाडायचं. ती पट्ट्यावरून टेबलाशी यायची. टेबलाभोवतीच्या बायका डागाळलेली, चिरलेली झाकणं वेचून बाजूला टाकायच्या. आणि कुडतरकर पाठीमागे हात बांधून त्यांच्यामागून फेऱ्या मारायचे. याला ते मॅनेजमेंट म्हणत. घर घणसोलीला, रिक्षाने हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दुपारी घरी जाऊन गरम आमटी-भात, त्यावर एक सुरेख डुलकी, आणि मग पुन्हा मॅनेजमेंट! असं सुख राजेरजवाड्यांनाही मिळालं नसेल.

या सुखात दिपेशशेठ मिठाचा खडा घेऊन आले. दिपेश म्हणजे मालकांचा मुलगा. कुठलासा कोर्स करून आला तो एक शब्द घेऊनच आला, अ‍ॅडॅप्टेबिलिटी! उठता-बसता अ‍ॅडॅप्टेबिलिटी. कॅन्टीनमधल्या वड्यात मीठ कमी पडलं तरी अ‍ॅडॅप्टेबिलिटी.

"काका, जमाना बदल गया है," दिपेश म्हणाला. "चेकिंगला कॅमेऱ्याचं मशीन येतंय. कुणालाच काढणार नाही मी. पण सगळ्यांना बदलावं लागेल. संक्रांतीनंतरच्या शनिवारी धर्मराज सर येतायत."

धर्मराज सर म्हणजे कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचं नाव निघालं की मालकसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे.

"त्यांच्यासमोर मशीन चाललं पाहिजे. आणि आपल्या बायकांनीच चालवलं पाहिजे."

"आणि समजा, नाही चाललं तर?"

"तर तुम्ही उरणला. तिकडच्या गोदामाला माणूस पाहिजेच आहे."

उरण! उरण म्हणजे कंटेनर, ट्रेलर आणि धूळ. आमटी-भात नाही, डुलकी नाही. म्हातारपणी असा वनवास! या घाबरण्यातूनच ती वर सांगितलेली फुशारकी बाहेर पडली.

मशीन आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, मधोमध एकच मोठा काचेचा डोळा. पट्ट्यावरून येणारं प्रत्येक झाकण त्या डोळ्याने बघायचं आणि वाईट असेल ते हवेच्या फुंकरीने उडवून द्यायचं. कुडतरकर मोठ्या कौतुकाने सांगत होते आणि बायका त्यांच्याकडे अशा बघत होत्या, की त्या डोळ्यापेक्षा या डोळ्यांचीच भीती वाटावी.

"सायेब, ही आमच्या पोटावर पाय द्याया आलीया," शालन म्हणाली. शालन साताऱ्याकडची, टेबलाची पुढारी. ती उठली की टेबल उठायचं, ती बसली की बसायचं. "आमच्या डोळ्यात काय मोतीबिंदू झालाय व्हय?"

"सवत हाय ती, सवत!" म्हाताऱ्या बायजाबाईने दुजोरा दिला. ती घणसोली गावातलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. "आमी नाय हात लावनार!"

झालं! मशीन तसंच प्लास्टिकच्या बुरख्यात उभं. कुडतरकरांनी विनवण्या केल्या, भजी मागवली. भजी संपली, मशीन तसंच. दिपेश रोज केबिनच्या काचेपलीकडून खुणेने विचारायचा, काय झालं? आणि कुडतरकर रोज अंगठा वर करायचे. अंगठा वर आणि काळीज खाली, अशी अवस्था!

शेवटी एका चहाच्या सुट्टीत ते रिकाम्या क्रेटवर चढले. माणूस जिवावर उदार झाला की त्याला वक्तृत्व सुचतं.

"अहो, सवत कशाला म्हणता? सून म्हणा, सून! नवी सून घरात आली की काय करतो आपण? तिला सामावून घेतो. तिचे लाड करतो. थोडी ती बदलते, थोडं आपण बदलतो. बस्स! यालाच म्हणतात अ‍ॅडॅप्टेबिलिटी!"

शालनचा चहाचा ग्लास तोंडापाशी थांबला. तिचे दोन्ही मुलगे लग्नाचे होते आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. बायजाबाईची सून टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये वेगळी राहायला गेली होती आणि सणाला फोनवर फुलांची चित्रं पाठवायची.

"सून?" शालन म्हणाली. "मंग आदी का न्हाई सांगितलं, सायेब?"

घरी कुडतरकरांनी हा विजय बायकोला, स्मिताताईंना, तिखटमीठ लावून सांगितला.

"सून म्हणालात?" स्मिताताईंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"मग! एका वाक्यात खल्लास!"

"सुनेला सामावून घेतात म्हणजे काय करतात, ते माहितीय तुम्हाला?"

"म्हणजे काय? तू आलीस तेव्हा मी नव्हतो का तिथे?"

"होतात ना," स्मिताताई म्हणाल्या. "पेपर वाचत होतात."

दुसऱ्या दिवशी कुडतरकर खात्यात शिरले आणि दारातच थबकले. उंबऱ्याशी रांगोळी! रांगोळीपुढे तांदळाने भरलेलं माप! मशीन मालाच्या ढकलगाडीवर चढवून बाहेर आणलं होतं आणि बायका ते ओवाळत होत्या.

"आवं, गृहप्रवेशाबिगर आत कशी घ्यायची?" शालन म्हणाली. "पाय न्हाईत तिला, म्हून गाडीच्या चाकानं माप वलांडतोय."

चाक मापाला लागलं, माप कलंडलं, तांदूळ घरंगळले आणि कुडतरकर त्यांच्यावरून घसरून थेट ढकलगाडीच्या पाया पडले. बायकांना वाटलं साहेब भक्तिभावाने लवले. त्यांनी आणखी एकदा ओवाळलं.

मग नवरा कोण, हा प्रश्न निघाला. तो सोपा होता. जुन्या मोल्डिंग मशीनला बायका कमळाकर म्हणत. ते बसवणारा मेकॅनिक त्या नावाचा होता आणि तोही असाच धापा टाकायचा. कमळाकरचा पट्टा नव्या मशीनला जोडला, तीच लग्नगाठ! तांदळात बोटाने नाव काढलं, शुभांगी. राहिलं कुंकू.

"कपाळ कुठं आलं हिचं?"

"डोल्याचे वर नं!" बायजाबाई म्हणाली. "कवरा मोटा डोला हाय, बग!"

तिने अंगठ्याने भरघोस कुंकू लावलं. डोळा आणि कपाळ यांतलं अंतर तिला नीट दिसलं नाही, एवढंच. शुभांगी सुरू झाली. फूऽ! पहिलं झाकण उडालं. फूऽ! दुसरंही उडालं. काचेवर कुंकू, तेव्हा शुभांगीला जगातलं प्रत्येक झाकण लाल डागाचं दिसत होतं! चहापर्यंत चांगला माल एकही नाही आणि नापास झाकणांचा ढीग कुडतरकरांच्या गुडघ्याला!

त्यांनी धावत जाऊन मशीनवाल्यांना फोन केला. तिकडून कुलदीप नावाचा कोवळा इंजिनीयर आला. त्याला वाटलं मशीन दुरुस्त करायचं आहे. इथे त्याच्या हातात पोह्यांची बशी आली.

"तुमी माहेरची मान्सं," शालन म्हणाली. "बसा. पोरगी गुणाची हाय. पर कामाचं वळण न्हाई लावलं तुमी तिला."

"मावशी, मी फक्त लेन्स पुसतो," असं म्हणून कुलदीपने खिशातलं फडकं काढलं आणि काचेवरचं कुंकू पुसलं.

खात्यात किंकाळी उठली!

"आरं मुडद्या! नवरा जित्ता हाय तिचा!"

कमळाकर पलीकडे धाप टाकून आपण जित्ते असल्याची ग्वाही देत होता, पण ऐकतो कोण? कुलदीप अर्धे पोहे टाकून पळाला, तो पुन्हा फोनही उचलेना. कुडतरकरांनी घशाला कोरड पडेपर्यंत समजूत घातली, तेव्हा कुंकू बटणाच्या शेजारी लावायचं ठरलं.

त्यानंतर मात्र चमत्कार झाला. भिंतीवरच्या फळ्यावर रोजचा माल झक्क दिसू लागला. एक वाईट झाकण बाहेर जाईना. दिपेशने काचेपलीकडून दोन्ही अंगठे वर केले. आता फळा पाहिला की झालं, म्हणून कुडतरकरांच्या फेऱ्या थांबल्या आणि डुलकी लांबत गेली. स्वप्नातसुद्धा उरण दिसेनासं झालं.

एके दिवशी स्मिताताई पूजेला गेल्या होत्या, म्हणून कुडतरकर कॅन्टीनमध्येच डबा खाऊन लवकर खात्यात परतले. बघतात तर शुभांगी बंद! तिच्या अंगावर शाल! आणि सगळ्या बायका टेबलाभोवती बसून, कुजबुजत, पूर्वीसारखी हाताने झाकणं निवडतायत!

"हे काय?" कुडतरकर किंचाळले.

"हळू बोला, सायेब," शालन म्हणाली. "अजून तिच्या अंगाची हळद उतरली न्हाई. एवढ्यात कामाला कशी जुंपायची? लोकं नावं ठेवतील."

"अगं, पण फळ्यावरचा माल?"

"तो आमीच करताव," बायजाबाई अभिमानाने म्हणाली. "नाव तिचा लावताव. नवी हाय नं!"

कुडतरकर मटकन क्रेटवर बसले. ज्या मशीनमुळे बायकांचं काम हलकं व्हायचं, त्या मशीनचं काम बायका करत होत्या! हे दिपेशला सांगावं तर उरण, न सांगावं तर शनिवारी उरण! रडू यायला लागलं, पण मॅनेजरने क्रेटवर बसून रडायचं कसं?

"लाड पुरे!" ते ओरडले. "सून आहे म्हणून डोक्यावर बसवायची नसते! सासू व्हा, सासू! कामाला लावा तिला!"

वाक्य तोंडातून सुटलं आणि त्यांना वाटलं, हेही नको होतं बोलायला. खरंच नको होतं! दुसऱ्या दिवसापासून शुभांगीचा सासुरवास सुरू झाला. ती चालायची, पण तिने पास केलेलं प्रत्येक झाकण शालन उचलून उजेडात धरायची. "डोळा येवढा मोठा, पर ध्यान कुठं? माहेरात?" टोमणा मारून झाकण पुन्हा पट्ट्यावर! एकेक झाकण शुभांगीपुढून पाच-पाच वेळा जाऊ लागलं. शेवटी ती तापली आणि आपोआप बंद पडली. "रुसली गं बाई!" म्हणून बायकांना उमाळा आला, तिची मिरच्यांनी दृष्ट काढली आणि त्या धुराने अख्खी कंपनी खोकत रस्त्यावर आली. दिपेश खोकता खोकता एवढंच म्हणाला, "काका, शनिवार! याद आहे ना?"

शुक्रवारी कुडतरकरांनी ठरवलं, आता भाषण नाही, उपमा नाही. दोनच शब्द. पण सवय जाते थोडीच?

"उद्या पाहुणे यायचेत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर आपली सून कशी दिसली पाहिजे? सगळ्या घराची अब्रू तिच्या हातात आहे!"

त्यांना म्हणायचं होतं, धूळ पुसा. शालनने बायजाबाईकडे पाहिलं. बायजाबाईने मान डोलावली.

शनिवारी धर्मराज सर आले. धिप्पाड, गंभीर, डोक्यावर पांढरी टोपी. पाठोपाठ दिपेश, त्यामागे कुडतरकर. दिपेश सांगत होता, "सर, आमच्याकडे अ‍ॅडॅप्टेबिलिटी इतकी आहे, की मशीन आणि माणूस यांत फरकच राहिला नाही." दार उघडलं.

फरक खरोखरच राहिला नव्हता! शुभांगीला काळी चंद्रकळा नेसवली होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत, तेव्हा अंगभर हलव्याचे दागिने! गळ्यात हलव्याचा हार, कमरेला हलव्याचा पट्टा, वर हलव्याचा मुकुट. बायका रात्रभर घरी बसून ओवत होत्या. आणि पाहुण्यांसमोर सुनेने अदबीने राहावं, म्हणून डोक्यावरून पदर. तो चांगला डोळ्याच्या खालपर्यंत ओढलेला!

दिपेशचं तोंड उघडं ते उघडंच.

"मशीन... मशीन चालू करा," तो कसाबसा म्हणाला.

शालनने कुंकवाशेजारचं बटण मोठ्या मायेने दाबलं. शुभांगीच्या डोळ्यापुढे पदर, म्हणजे काळोख. आणि काळोखात तिला सगळीच झाकणं काळी! फूऽ! फूऽ! फूऽ! झाकणं लाह्यांसारखी उडू लागली.

"पदर काढा!" कुडतरकर ओरडले. कुणी हलेना. तेव्हा ते स्वतः झेपावले आणि त्यांनी शुभांगीचा पदर धरून खस्सकन ओढला!

"सायेब!" शालन कडाडली. "परक्या मान्सांदेखत सुनेच्या पदराला हात?"

पदराबरोबर मुकुट आला, मुकुटाबरोबर हार तुटला आणि हलव्याचे दाणे झाकणांत मिसळून पट्ट्यावर पडले. शुभांगीने आयुष्यात असली बारीक, काटेरी झाकणं पाहिली नव्हती. तिने जिवाच्या आकांताने फुंकर मारली. झाकणं आणि हलवा, दोन्हींचा वर्षाव थेट धर्मराज सरांवर झाला, मंगलाष्टकं संपताना होतो तसा! कुडतरकर हातात चंद्रकळेचं टोक धरून उभे होते. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं. पण एमआयडीसीत काँक्रीट फार जाड असतं.

सगळ्यात आधी सावरली बायजाबाई. तिने हात जोडले.

"तिलगुल घ्या, गोर बोला!"

धर्मराज सरांनी कॉलरमधला एक दाणा काढला, निरखला आणि तोंडात टाकला. मग म्हणाले, "महिनाभर तुमच्या मालात एकही झाकण वाईट निघालं नाही. ते तपासलं कुणी?"

दिपेशने कुडतरकरांकडे पाहिलं. कुडतरकरांनी छताकडे पाहिलं.

"आमीच की," शालन म्हणाली. "ती नवी हाय अजून. पर लई गुणी पोर हाय, सायेब. चालू कराया, बंद कराया, डोळा पुसाया, समदं जमतंय आमाला आता. हळूहळू मुरंल ती घरात."

"आणि मॅनेजर साहेब?"

"त्येंनी आजच पयल्यांदा हात लावला तिला," शालन म्हणाली. "आनि त्यो बी असा!"

सोमवारी दिपेशने कुडतरकरांना आत बोलावलं. ऑर्डर टिकली होती. शुभांगी थोडे दिवस माहेरी जाऊन दुरुस्त होऊन येणार होती. बायकांनी तिची ओटीसुद्धा भरली होती.

"म्हणजे मी वाचलो!" कुडतरकर म्हणाले.

"काका," दिपेश हळू आवाजात म्हणाला, "बायका बदलल्या. जरा जास्तच बदलल्या, पण बदलल्या. मशीनसुद्धा बदलून येतंय. धर्मराज सर विचारत होते, एवढ्या दिवसांत त्या हॉलमध्ये न बदललेलं काय राहिलं?"

कुडतरकर उरणला निघाले त्या सकाळी स्मिताताईंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली.

"पहिले काही दिवस आपणहून बोलू नका," त्या म्हणाल्या. "विचारतील तेवढंच सांगा. 'आमच्या महाप्याला असं नव्हतं' असं तर चुकूनसुद्धा म्हणू नका. आणि फारच भरून आलं, तर तोंड धुवायला म्हणून जाऊन या. नळ मोठा सोडायचा, आवाज येत नाही."

"तुला कसं माहीत?" कुडतरकरांनी विचारलं. स्मिताताईंनी डब्याची पिशवी दिली.

गोदामात शिवा मुकादम पुढे आला. त्याने कुडतरकरांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, मागून पाहिलं आणि हमालांना म्हणाला, "नवीन हायेत. सांभालून घ्या." हमालांनीही पाहिलं. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले. कुडतरकरांना बसायला जागा दाखवली ती दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर. पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारायचं होतं, पण विचारावं की नाही ते कळेना. कंटेनर आला तेव्हा ते मधे आले. बाजूला झाले तेव्हा दुसऱ्याच्या मधे आले. दुपारपर्यंत त्यांनी दोनदा तोंड धुतलं. नळ मोठा सोडून.

स्मिताताईंचा फोन आला.

"जेवलात?"

"अजून नाही," कुडतरकर हळूच म्हणाले. "म्हणाले, आधी सगळ्यांचं होऊ दे."

"बरं," स्मिताताई म्हणाल्या. "आणि एक सांगा. तिथे कुणी पेपर वाचत बसलंय का?"

कुडतरकरांनी मान वळवून पाहिलं. खिडकीपाशी, पंख्याखाली, एक गृहस्थ पेपरात डोकं खुपसून बसले होते. सकाळपासून त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"आहे," कुडतरकर म्हणाले.